थुजाची रांग राहू द्या, आधी माती बघा

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे. नोव्हेंबरात कॅनडातल्या कॅल्गरीच्या आग्नेय टोकाला, नव्या वसाहतीत घर घेतलं. ताबा मिळाला तेव्हा अंगणात बर्फ होता. परवा चिनूक (इथला उबदार वारा) आला, बर्फ वितळला आणि खाली काय आहे ते दिसलं: पिवळट चिकणमाती, दगड आणि काँक्रीटचे तुकडे. यजमानांचं म्हणणं, मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टर बोलवू, तयार हिरवळ अंथरू, कुंपणाला थुजाची (मोरपंखीसारख्या सदाहरित झाडांची) रांग लावू, विषय संपला. मला मात्र भाजीपाला आणि दोन-चार फळझाडं हवीत. सासूबाई मेअखेर येतायत, सप्टेंबर संपेपर्यंत राहतील. त्यांची नाशिकला मोठी बाग आहे. काय काय बी आणू म्हणून रोज फोनवर विचारतात. यादीत कांदा, भेंडी, दोडका, मोगरा, चाफा, कढीपत्ता आहे. शेजारी सांगतात, इथं काहीच येत नाही. पैसे बेताचे आहेत. सुरुवात कुठून करू?
— एक नाशिककर, कॅल्गरी

उत्तर:

शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका. नव्या वसाहतीतले शेजारी तुमच्याइतकेच नवे असतात, आणि त्यांनीही बहुधा मे महिन्यात दुकानातून आणलेली झाडं पुढच्या एप्रिलात कचऱ्यात टाकलेली असतात. इथं काय काय येतं ते बघायचं असेल तर जूनमध्ये सासूबाईंना घेऊन एर्लटन स्टेशनजवळच्या रीडर रॉक गार्डनमध्ये जा. विल्यम रीडर १९१३ ते १९४२ या काळात कॅल्गरीचे उद्यान अधीक्षक होते. आपल्या सरकारी घराभोवतीच्या उतारावर त्यांनी चार हजारांवर प्रकारची झाडं लावून पाहिली, कारण त्या काळीही लोक हेच म्हणत होते. बाग अजून आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांवर माझं म्हणणं एकच आहे. पहिल्या वर्षाचे पैसे झाडांवर घालू नका. माती आणि वाऱ्याचा आडोसा, या दोन गोष्टींवर घाला.

कारण सांगते. कॅल्गरीत झाडं थंडीनं मरतात हा अर्धवट समज आहे. उणे तीस अंश सहन करणारी झाडं जगात पुष्कळ आहेत. त्यांना मारतो तो तुम्ही परवा पाहिलेला चिनूक. डोंगर उतरून येणारा हा कोरडा, उबदार वारा काही तासांत तापमान वीस अंशांनी चढवतो. माणसं टी-शर्टवर बाहेर पडतात, जमिनीवरचं बर्फाचं पांघरूण निघून जातं, झाडाला वसंत आल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांनी पुन्हा उणे वीस. सदाहरित झाडांचे हाल तर आणखी वाईट. वरून वारा पानांतलं पाणी ओढून घेतो आणि खाली मुळं गोठलेल्या मातीत, त्यांना पाणी उचलता येत नाही. थुजा मार्चमध्ये तांबूस का होतो याचं उत्तर हे आहे. तो गारठून नव्हे, तहानेनं वाळतो. उघड्या, वाऱ्याच्या नव्या वसाहतीत थुजाची रांग लावणं म्हणजे दर दोन वर्षांनी त्यातली चार झाडं बदलण्याचा करार करणं. यजमानांना हे माझ्या नावावर सांगा.

आडोसा हवाच आहे, पण तो चिवट झुडपांचा करा. लायलॅक (त्यातही उशिरा फुलणारे, फुटवे न पसरवणारे प्रकार), पोटेंटिला, लाल फांद्यांचा डॉगवुड, बुटका म्युगो पाइन, ज्युनिपर. यातलं एकही झाड तुमच्या घरी आलेल्या पाहुण्याला थक्क करणार नाही, पण सगळी जगतील. सगळीकडे दिसणारा उंच, सडपातळ स्वीडिश अ‍ॅस्पेन मी मुद्दाम सांगत नाही. तो भराभर वाढतो म्हणून लोक घेतात आणि मग हिरवळीत जागोजागी त्याचे फुटवे उपटत बसतात.

आता माती. वसाहत बांधताना आधी वरची काळी माती खरवडून ढीग लावतात, मग यंत्रं फिरतात, खालची चिकणमाती दाबून दाबून घट्ट होते आणि शेवटी वर काळ्या मातीचा पातळ थर पसरतात. तुमच्याकडे तो थर बहुधा अजून पडलेलाच नाही. म्हणून फावडं हातात घेण्याआधी बिल्डरला विचारा की अंगणाचा अंतिम उतार झाला का आणि शहराकडून तो मंजूर झाला का. घरांच्या मधून पाणी वाहून जायला जो उथळ चर काढलेला असतो, तो भरायचा नाही, त्यावर वाफा करायचा नाही. नाहीतर जूनच्या पावसात पाणी तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या तळघरात शिरेल. खरेदीचे कागदही एकदा चाळा. काही वसाहतींत पुढच्या अंगणात अमुक मुदतीत हिरवळ आणि झाड लावण्याची अट असते. तसं असेल तर पुढच्या अंगणापुरती यजमानांची तयार हिरवळ लावून टाका. घरात शांतता राहील. आणि खोल खणण्याआधी गॅस-विजेच्या वाहिन्या कुठून गेल्यात त्याच्या खुणा करून घ्या. आपल्या अल्बर्टा प्रांतात ही सेवा फुकट आहे. ऑनलाइन नोंद केली की माणसं येऊन रंगाने खुणा करतात.

मे महिन्यात एक खड्डा करा, फूटभर खोल, तेवढाच रुंद. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर निचरा नाही, आणि त्या जागी कुठलंही फळझाड बुडून मरेल. अशा मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे गिलाव्याचा माल. मिसळायचं ते कंपोस्ट, तीन-चार इंचांचा थर, आठ-दहा इंच खोलीपर्यंत. शहराच्या हिरव्या पेट्यांतला ओला कचरा शेपर्डच्या केंद्रात जातो आणि त्याचं कंपोस्ट होतं. ते रहिवाशांना देण्याची योजना शहर राबवतं. नोंदणी कधी सुरू होते त्यावर लक्ष ठेवा, जागा लवकर भरतात.

आणि घाई नको. तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला वाफसा म्हणजे काय ते सांगायला नको. बर्फ वितळल्यावर माती ओली असते तेव्हा ती खणली तर ढेकळं होतात आणि वाळली की हातोडीनेही फुटत नाहीत. मूठभर माती दाबा. गोळा बोटाच्या टिचकीने सुटा झाला तरच फावडं घ्या. मार्चमधला चिनूकचा गरम आठवडा हा वाफसा नव्हे, हे लक्षात ठेवा. तेव्हा वरचा थर सुटलेला असतो आणि खाली सगळं गोठलेलं.

एक सवय मात्र सोडावी लागेल. आपल्याकडे चुलीतली राख झाडाच्या आळ्यात जाते. इथं फायरप्लेसची राख बागेत टाकू नका. कॅल्गरीची माती आधीच अल्कधर्मी आहे, राख तिला आणखी तिकडेच नेते. त्याच कारणानं ब्लूबेरीचा नाद सोडा. तिला आम्लधर्मी माती लागते. दुकानात रोपं ढिगानं असतात म्हणून इथं ती येतात असं नाही.

मागच्या अंगणाचं पहिल्या वर्षी काय करायचं? मी तर अर्ध्याहून जास्त भाग हिरवळीच्या खताला देईन. आपल्याकडे ताग किंवा धैंचा करतात, तसे इथं ओट आणि वाटाणा एकत्र पेरा. बी स्वस्त असतं. मुळं घट्ट माती फोडतात, वाटाणा नत्र देतो, वरची माती उन्हावाऱ्यापासून झाकली जाते. फुलावर आलं की कापून तिथेच गाडा. ऑगस्टअखेर पुन्हा एकदा पेरलं तर थंडीनं आपोआप मरतं आणि वसंतापर्यंत आच्छादन म्हणून पडून राहतं. अंगण चिखलाऐवजी हिरवं दिसल्याने यजमानांची निम्मी तक्रारही मिटेल.

भाजीसाठी दोन गादीवाफे करा, चार फूट रुंद, फूटभर उंच, घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीजवळ जागा असेल तर तिथे. गादीवाफा वसंतात लवकर तापतो आणि इथं तेच महत्त्वाचं. हंगाम छोटा आहे. शेवटची कडाक्याची रात्र साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पहिली सप्टेंबरच्या मध्याला. मध्ये जेमतेम चार महिने. २०१४ साली तर ८ सप्टेंबरला, ऐन अनंत चतुर्दशीला, शहरात जड ओला बर्फ पडायला लागला. झाडांवर पानं तशीच होती, त्या ओझ्यानं शहरभर फांद्या मोडल्या. तर सासूबाईंचा मुक्काम सप्टेंबरअखेरपर्यंत असला तरी टोमॅटोचा असेलच असं नाही.

गारांचंही बघावं लागतं. १३ जून २०२० च्या गारपिटीत ईशान्य कॅल्गरीत घरांच्या भिंतींची आवरणं फाटली, मग पालकाची काय कथा. गादीवाफ्यावर प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या कमानी आधीच बसवून ठेवा. त्यावर गारांची जाळी टाकता येते, थंड रात्री जुनी चादर टाकता येते आणि कोबीवर्गातल्या भाज्यांवर फुलपाखरांपासून बचाव म्हणून बारीक जाळी.

आता सासूबाईंची यादी.

कांद्याचं बी नाशिकहून अजिबात आणू नका, आणि हे त्यांना पटवणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार, कारण नाशिकच्या माणसाला कांद्याचं कोणी सांगितलेलं आवडत नाही. कांदा पोसायला लागतो तो दिवसाची लांबी बघून. आपल्याकडच्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसावर पोसतात. इथं एकावन्न अक्षांशावर जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. रोप चार पानांचं असतानाच त्याला वाटतं वेळ झाली, आणि गोट्यांएवढे कांदे मिळतात. इथल्या दुकानात ‘लाँग डे’ लिहिलेलं बी किंवा छोटे कंद घ्या. लसूण मात्र मनसोक्त लावा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला कडक दांड्याच्या जातीच्या पाकळ्या लावायच्या, वर पालापाचोळा, आणि पुढच्या ऑगस्टात काढायच्या. जाण्याआधी सासूबाईंच्याच हातून लावून घ्या.

भेंडी आणि दोडका बाहेर होणार नाहीत. दिवस मोठे असले तरी रात्री गार असतात, दहा अंशांच्या आसपास, आणि या दोन्ही वेलाझुडपांना उबदार रात्री हव्यात. त्यांच्याऐवजी ज्यांना नाशिकच्या उन्हाळ्यात जीव नकोसा होतो अशा भाज्या इथं बहरतात. मटार असा गोड येतो की करंज्यांपर्यंत पोहोचतच नाही, वाफ्यावरच संपतो. मुळा, नवलकोल, पालक, शेपू, बीट, कोबी. मेथी तर उत्तमच. लेथब्रिजच्या कृषी संशोधन केंद्रात जनावरांच्या चाऱ्यासाठी मेथीची खास जात तयार केली गेली, म्हणजे अल्बर्टाला ती परकी नाही. हे सगळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून पेरता येतं, हलक्या थंडीनं बिघडत नाही. पालक आणि कोथिंबीर लांब दिवसांमुळे लवकर फुलोऱ्यावर येतात, म्हणून कोथिंबीर दर दोन आठवड्यांनी थोडीथोडी टाका, आणि पालक मेमध्ये एकदा, ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा. टोमॅटो लवकर येणाऱ्या छोट्या फळांचे, एप्रिलच्या सुरुवातीला घरात दिव्याखाली रोपं करून, जूनच्या पहिल्या आठवड्यात बाहेर. त्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय करा. हजार मीटर उंचीवरचं ऊन आणि हा वारा खिडकीतल्या रोपाला एका दुपारीत भाजून काढतो.

एक भाजी तुम्हाला लावावीच लागणार नाही. खणलेल्या जागेत जूनमध्ये चाकवत आपोआप उगवेल. इथले लोक तण म्हणून उपटतात. कोवळा असताना तुम्ही ताकातली भाजी करा, फक्त रस्त्याकडेचा किंवा फवारलेल्या हिरवळीतला घेऊ नका.

मोगरा, चाफा, कढीपत्ता, तुळस कुंड्यांतच. नाशिकहून फांद्या किंवा मातीसकट रोपं आणायची नाहीत, ती विमानतळावरच जातील. बी आणलं तरी ते जाहीर करावं लागतं आणि प्रत्येक बियाण्याचे नियम वेगळे. ही रोपं इथल्या नर्सरीत किंवा आपल्याच मंडळींकडे मिळतात. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बाहेर, रात्रीचं तापमान दहाच्या खाली जायला लागलं की आत. कढीपत्ता हिवाळ्यात पानं टाकतो. घाबरून पाणी वाढवू नका, मुळं कुजतील. फेब्रुवारीअखेर तो पुन्हा फुटतो. मोगऱ्याला दक्षिणेची खिडकी हवी. आणि चाफा ठेवायला तुमच्याकडे नाशिकला नसलेली एक जागा आहे: तळघर. पानं गळली की कुंडी तळघरात नेऊन ठेवायची, जिथं दहा अंशांच्या खाली जात नाही अशा कोपऱ्यात. उजेड नसला तरी चालतो. पाणी जवळपास बंद. एप्रिलमध्ये वर आणायची.

फळझाडांची हौस दुसऱ्या वसंतात पुरवा, पण जागा आत्ताच ठरवा. सस्काचेवान विद्यापीठाने प्रेअरीसाठी, म्हणजे इथल्या थंड गवताळ मैदानी प्रदेशासाठी, खास बुटक्या आंबट चेरी तयार केल्या आहेत. त्यातली १९९९ मध्ये आलेली ‘कार्माइन ज्युएल’ मी डोळे मिटून सांगेन. झुडूप माणसाच्या उंचीच्या थोडं वर जातं, एकच झाड असलं तरी फळं धरतं, आणि त्या चेरीचा मुरांबा आणि सार दोन्ही छान होतं. त्याच विद्यापीठाची हॅस्कॅप (निळ्या बेरीचं झुडूप) घ्याल तर एकाच सुमारास फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती घ्या, एकटं झाड फळ देत नाही. तिची फुलं उणे सात अंशांतही टिकतात, या गावात असं दुसरं फळझाड मला माहीत नाही. सफरचंद हवं तर ‘गुडलँड’ किंवा ‘नॉरकेंट’. लेबलवर झोन बघा, म्हणजे झाड किती थंडी सोसतं त्याचा आकडा; आकडा जितका लहान तितकं झाड चिवट: कॅनडाच्या नकाशावर कॅल्गरी ४ए मध्ये येतं, पण उघड्या नव्या वसाहतीसाठी ३ लिहिलेलंच घ्या. मोठ्या साखळी दुकानांत मे महिन्यात झोन ५ आणि ६ ची झाडं खुशाल पुढे मांडलेली असतात.

रुबार्बचा एक गड्डा कोणाकडूनही मागून आणा. देठांचा आंबटपणा कैरीसारखा आमटीत चालतो. पण सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: ती मोठी पानं अळूसारखी दिसली तरी विषारी आहेत, त्यांच्या वड्या करायच्या नाहीत.

पाण्याचा हिशोबही मनात असू द्या. कॅल्गरीत वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून सव्वाचारशे मिलिमीटरच्या आतबाहेर होतो. छपराच्या पन्हळीखाली एक पिंप ठेवा. लाकडाच्या तुकड्यांचं तीन-चार इंच आच्छादन झुडपांखाली घाला, खोडाला चिकटवू नका. ऑक्टोबरमध्ये जमीन गोठण्याआधी झुडपांना एकदा भरपूर पाणी द्या. बहुतेकजण इथेच चुकतात, कारण तोवर बागेचा उत्साह संपलेला असतो आणि नळ बंद केलेला असतो. हिवाळ्यात पायवाटेवरचा मीठ न टाकलेला बर्फ उचलून वाफ्यांवर टाका.

कॉन्ट्रॅक्टरला नाही म्हणू नका, फक्त काम बदला. हिरवळ पुढच्या अंगणापुरती, थुजा रद्द, त्या पैशात मागच्या अंगणात काळी माती आणि कंपोस्ट टाकून यंत्राने खोल मोकळं करून द्यायचं, असं लेखी घ्या. माती कुठून आणणार तेही विचारा. तणाच्या मुळांनी भरलेली माती गाडीभर येते आणि मग कॅनडा थिसल हे काटेरी तण काढण्यात तीन उन्हाळे जातात.

मागचं अंगण कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तरेला असेल तर गादीवाफ्यांची जागा पूर्ण बदलेल. आत्ताच्या सावल्यांवरून ठरवू नका, मार्चमध्ये सूर्य खाली असतो. २१ जूनच्या आसपास सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तीन फोटो काढून पाठवा, म्हणजे चेरी आणि हॅस्कॅपच्या जागा आपण त्यावर ठरवू.